टायटॅनिकच्या रात्री शेजारच्या जहाजाचा ऑपरेटर झोपला होता: मार्कोनीची गोष्ट आणि ट्रॉलरवरचं लाल बटण

हैदराबादहून किंवा सोलापूरहून मुंबईकडे निघालेल्या माणसाला दौंड माहीत असतं ते जंक्शन म्हणून. गाडी थांबते, चहा होतो, पुढे पुणे. पण १९२७ साली याच दौंडचं नाव लंडनच्या तार कचेरीत रोज घेतलं जात होतं. विलायतेहून हवेतून येणारे संदेश दौंडला पकडायचे आणि इकडचे संदेश पुण्याजवळच्या खडकीहून सोडायचे, अशी ती व्यवस्था होती. मध्ये तार नाही, समुद्राखालची केबल नाही. ही यंत्रणा ज्याच्या कंपनीची, तो इटलीचा गुल्येल्मो मार्कोनी. शाळेच्या पुस्तकात त्याच्यावर एक ओळ असते, रेडिओचा शोध लावणारा म्हणून. ती ओळ अर्धवट आहे आणि थोडी वादग्रस्तही आहे. मालीम जेट्टीवरच्या किंवा कारवारच्या बैतकोल बंदरातल्या ट्रॉलरच्या केबिनमध्ये जो व्हीएचएफ सेट बसवलेला असतो, त्याच्यावरचं झाकणाखालचं लाल बटण समजून घ्यायचं असेल, तर या माणसाच्या आयुष्यापासूनच सुरुवात करावी लागते.

मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ चा, बोलोन्या शहरातला. वडील जुझेप्पे जमीनदार, आई अ‍ॅनी जेमसन आयर्लंडची. व्हिस्कीवाले जेमसन ते हेच घराणं. म्हणजे घरात शेतीचाही पैसा आणि आजोळी कारखानदारीचाही. मुलगा विद्यापीठात कधी रीतसर शिकला नाही. घरी शिकवण्या झाल्या आणि बोलोन्याचे प्राध्यापक अउगुस्तो रीगी ओळखीचे असल्यामुळे त्यांच्या प्रयोगशाळेत, ग्रंथालयात जाता-येता आलं, एवढीच त्याची पदवी.

१८९४ मध्ये हाइनरिश हर्ट्झ हा जर्मन शास्त्रज्ञ वारला. विजेच्या लहरी हवेतून जातात हे त्यानं प्रयोगानं दाखवून दिलं होतं. त्याच्यावरचा रीगींचा लेख वीस वर्षांच्या मार्कोनीनं सुट्टीत असताना वाचला आणि त्याच्या डोक्यात एकच गोष्ट बसली, की या लहरींवरून तारेचे ठिपके आणि रेघा पाठवता येतील. पोंतेक्किओ गावी त्यांचा वाडा होता, व्हिला ग्रिफोने. तिथल्या माळ्यावर त्यानं सामान मांडलं. यातलं एकेक यंत्र दुसऱ्या कुणीतरी आधीच केलेलं होतं. त्यानं स्वतःची भर घातली ती अशी की यंत्राचं एक टोक जमिनीत पुरलं आणि दुसरं उंच टांगलं. त्याबरोबर अंतर वाढलं. १८९५ मध्ये टेकडीच्या पलीकडे, सुमारे दोन किलोमीटरवर संदेश पोचला आणि पोचल्याची खूण म्हणून तिकडून बंदुकीचा बार काढला गेला.

पुढच्याच वर्षी आई त्याला घेऊन लंडनला गेली. तिथल्या जकातवाल्यांनी पेटी उघडून बघताना आतली यंत्रं मोडली, म्हणजे पहिलं काम दुरुस्तीचं निघालं. जून १८९६ मध्ये त्यानं पेटंटचा अर्ज केला. मी कॉमर्सचा माणूस, लहरींचं गणित मला विचारू नका, पण पुढचा हिशोब मला फार मोलाचा वाटतो. ब्रिटिश टपाल खात्याचे मुख्य अभियंता विल्यम प्रीस यांनी त्याला हात दिला. मे १८९७ मध्ये ब्रिस्टलच्या खाडीत लॅव्हरनॉकच्या टोकापासून फ्लॅट होम बेटापर्यंत पाण्यावरून संदेश गेला. प्रीस यांना वाटलं असेल की हा पोरगा आता आपल्या खात्याचाच. जुलैमध्ये पोरानं आईच्या नात्यातल्या जेमसन डेव्हिसच्या मदतीनं स्वतःची कंपनी काढली, भांडवल एक लाख पौंड, त्यातले साठ हजारांचे शेअर स्वतःच्या नावावर. वय तेवीस.

आता गिऱ्हाईक कोण? जमिनीवर तारांचं जाळं होतंच आणि पैसे घेऊन तार पाठवायचा हक्क फक्त टपाल खात्याचा. तार जिथे ओढताच येत नाही अशी एकच जागा उरली, समुद्र. तोवर बंदर सोडलेलं जहाज म्हणजे पुढचं बंदर दिसेपर्यंत मुकं आणि बहिरं. डिसेंबर १८९८ मध्ये इंग्लंडच्या दक्षिणेला ईस्ट गुडविनच्या दीपनौकेवर त्यानं सेट बसवला. दीपनौका म्हणजे जिथे दीपगृह बांधता येत नाही तिथे नांगरून ठेवलेलं दिव्याचं जहाज. ती होती वाळूच्या एका कुप्रसिद्ध पट्ट्यापाशी, जिथे शेकडो जहाजं बुडाली. १७ मार्च १८९९ ला एल्बे नावाचं जहाज त्या वाळूत रुतलं, दीपनौकेनं बिनतारी संदेश दिला आणि किनाऱ्याहून मदतीची होडी निघाली. पुढच्याच महिन्यात दाट धुक्यात आर. एफ. मॅथ्यूज हे जहाज येऊन दीपनौकेवरच आदळलं आणि या खेपेला तिनं स्वतःसाठी मदत मागितली. समुद्रावरच्या बिनतारी हाकेचा हिशोब या दोन प्रसंगांपासून सुरू होतो.

सेट विकायचे नाहीत, हे त्याच्या कंपनीचं धोरण. सेट भाड्यानं द्यायचा, सोबत ऑपरेटर द्यायचा, तो पगार घेणार मार्कोनी कंपनीचा. जहाजावर चढलेला हा माणूस कप्तानाच्या हाताखाली, पण मालक वेगळा. १९०१ मध्ये लॉइड्स या विमेवाल्यांशी करार झाला आणि किनाऱ्यावरची ठाणीही मार्कोनीचीच झाली. मग नियम आला, की दुसऱ्या कंपनीच्या सेटवाल्या जहाजाशी बोलायचं नाही, संकट असेल तरच. धंदा म्हणून हे चोख होतं. समुद्रावर मात्र ही वागणूक चुकीची होती, असं माझं स्पष्ट मत आहे. १९०२ मध्ये जर्मन सम्राटाचा भाऊ प्रिन्स हाइनरिश अमेरिकेहून परतताना त्याच्या जहाजाला मार्कोनी ठाण्यांनी दाद दिली नाही. जर्मनी चिडला, १९०३ मध्ये बर्लिनला परिषद भरली, १९०६ मध्ये दुसरी. तिथे ठरलं की किनाऱ्याच्या ठाण्यानं कुणाचाही संदेश घेतला पाहिजे. एसओएस हा संकेतही त्याच १९०६ च्या ठरावातला. मार्कोनी कंपनीचा स्वतःचा संकेत वेगळा होता, सीक्यूडी, आणि तिची माणसं बरीच वर्षं तोच वापरत राहिली.

१२ डिसेंबर १९०१ चा प्रसंग सगळ्यांना ठाऊक असतो. इंग्लंडमधल्या पोल्डूहून पाठवलेलं एस हे अक्षर, म्हणजे तीन ठिपके, मार्कोनीनं अटलांटिकपलीकडे न्यूफाउंडलंडमध्ये पतंगाला बांधलेल्या तारेवर ऐकलं. ऐकलं ते त्यानं आणि त्याच्या मदतनीसानं, कागदावर नोंद करणारं यंत्र नव्हतं, म्हणून शंका घेणारे आजही आहेत. त्या दिवशी लहरी पकडायला जे पाऱ्याचं साधन वापरलं, ते इटलीच्या नौदलातून आलं असं सांगितलं गेलं. पण कोलकात्याचे जगदीशचंद्र बोस यांनी १८९९ मध्येच पाऱ्याच्या अशाच साधनाची माहिती प्रसिद्ध केली होती आणि बोस यांना त्याचं श्रेय मिळालं नाही, अशी मांडणी पुढे अभ्यासकांनी केली. बोस यांना पेटंटांत रस नव्हता, मार्कोनीला पेटंटाशिवाय चैन पडत नसे. त्याचं सगळ्यात गाजलेलं पेटंट १९०० सालचं, क्रमांक ७७७७. प्रत्येक ठाण्याला आपापल्या सुरावर बसवायचं, म्हणजे एकाची हाक दुसऱ्याच्या कानात घुसणार नाही. नेमक्या माणसाला नेमकी हाक कशी द्यायची, हा प्रश्न तेव्हाच उभा राहिला होता.

१९०९ साल त्याच्या भरभराटीचं. जानेवारीत अमेरिकेच्या नँटकेट बेटाजवळ धुक्यात रिपब्लिक आणि फ्लोरिडा ही जहाजं एकमेकांवर आदळली. रिपब्लिकचा ऑपरेटर जॅक बिन्स मोडक्या केबिनमध्ये तासन्तास हाक देत राहिला आणि दोन्ही जहाजांवरचे सुमारे दीड हजार लोक वाचले. डिसेंबरमध्ये मार्कोनीला जर्मनीच्या फर्डिनांड ब्राउनबरोबर भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

मग आला एप्रिल १९१२. टायटॅनिकवरचे दोघे ऑपरेटर, जॅक फिलिप्स आणि हॅरॉल्ड ब्राइड, मार्कोनी कंपनीचेच. त्यांचं कमाईचं काम म्हणजे श्रीमंत प्रवाशांच्या तारा पाठवणं. त्या रात्री जवळच बर्फात थांबलेल्या कॅलिफोर्नियन जहाजाच्या ऑपरेटरनं बर्फाची सूचना द्यायचा प्रयत्न केला, तर फिलिप्सनं त्याला झटकलं, कारण तारांचा ढीग पडला होता. तो बिचारा दिवसभर एकटाच कामावर. सेट बंद करून झोपला. थोड्याच वेळात, रात्री ११.४० ला, टायटॅनिक हिमनगावर आदळलं. सगळ्यात जवळचा कान बंद होता. ५८ सागरी मैलांवरच्या कार्पेथियाचा ऑपरेटर हॅरॉल्ड कॉटम झोपायच्याच तयारीत होता, पण योगायोगानं कानाला हेडफोन तसाच होता. त्यानं ऐकलं, म्हणून सातशेच्या वर लोक जगले. पंधराशेच्या आसपास गेले, त्यात फिलिप्सही होता.

मार्कोनी तेव्हा न्यूयॉर्कमध्ये. टायटॅनिकनं यायचं त्याला आमंत्रण होतं, पण कामासाठी तो आधीच लुसिटानियानं निघून आला होता. कार्पेथिया धक्क्याला लागल्यावर तो ब्राइडला भेटायला जहाजावर गेला. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. पण चौकशीत एक वेगळी गोष्ट निघाली. वाचलेल्या ऑपरेटरांनी आपली हकीकत कुणाला फुकट सांगू नये, वर्तमानपत्राकडून तिचे पैसे मिळतील, अशा सूचना कंपनीकडून गेल्या होत्या. अमेरिकन सिनेटच्या समितीनं मार्कोनीला यावरून चांगलंच धारेवर धरलं.

त्याच सुमाराला लंडनमध्ये शेअर प्रकरण शिजत होतं. ब्रिटिश सरकार साम्राज्यभर बिनतारी ठाणी उभारायचं कंत्राट मार्कोनी कंपनीला देणार होतं. कंपनीचा मॅनेजिंग डायरेक्टर गॉडफ्री आयझॅक्स. त्याचा सख्खा भाऊ रुफस आयझॅक्स सरकारचा अ‍ॅटर्नी जनरल. टायटॅनिक बुडून दोन दिवस झाले असताना रुफसनं अमेरिकन मार्कोनी कंपनीचे दहा हजार शेअर घेतले आणि त्यातले हजार अर्थमंत्री लॉइड जॉर्जना दिले. अमेरिकन कंपनी वेगळी, कंत्राट ब्रिटिश कंपनीला, म्हणून संसदेच्या समितीनं सगळ्यांना निर्दोष ठरवलं. या व्यवहारात मार्कोनीचा स्वतःचा हात नव्हता. लॉइड जॉर्ज पुढे पंतप्रधान झाले. आणि रुफस आयझॅक्स? तेच लॉर्ड रीडिंग, १९२१ ते १९२६ आपल्याकडचे व्हाइसरॉय.

त्याच वर्षी इटलीत मोटारीच्या अपघातात मार्कोनीचा उजवा डोळा गेला.

टायटॅनिकनंतरचा खरा प्रश्न मात्र झोपेचा होता. प्रत्येक जहाजावर चोवीस तास ऐकणारी माणसं ठेवायची तर तीन पगार. मोठ्या प्रवासी जहाजांवर १९१४ च्या लंडन करारानं ते बंधनकारक होणार होतं, मालवाहू जहाजांचे मालक तयार नव्हते. मग तोडगा निघाला स्वयंचलित गजराचा. संकटातल्या जहाजानं आधी चार-चार सेकंदांच्या बारा रेघा पाठवायच्या, मध्ये एकेक सेकंद थांबत. दुसऱ्या जहाजावरचं यंत्र अशा काही रेघा ओळीनं ओळखलं की घंटा वाजवणार, ऑपरेटरच्या पलंगापाशी आणि कप्तानाच्या पुलावर. मार्कोनी कंपनीनंही अशी यंत्रं बनवली आणि १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेत या संकेताला जागतिक मान्यता मिळाली. खोट इतकीच की विजांच्या खरखरीनंही कधी कधी घंटा वाजे, आणि ती कोण बुडतंय, कुठे बुडतंय ते सांगत नसे.

त्या घंटेचा नातू म्हणजे आजचं डीएससी, डिजिटल सिलेक्टिव्ह कॉलिंग. जीएमडीएसएस ही जागतिक संकटसंदेश व्यवस्था १९९२ पासून टप्प्याटप्प्यानं आली आणि १ फेब्रुवारी १९९९ ला पूर्ण लागू झाली. मोर्सचं राज्य संपलं. किनारपट्टीवरच्या आपल्या वाचकांसाठी हे जरा सविस्तर सांगतो, कारण सेट असतो, पण त्याचं पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर निघालेलं नसतं.

प्रत्येक बोटीच्या सेटला नऊ आकडी क्रमांक असतो, एमएमएसआय. भारतीय बोटींचा सुरू होतो ४१९ नं. किनाऱ्याच्या ठाण्याचा क्रमांक दोन शून्यांनी सुरू होतो, गटाचा एका शून्यानं. हा क्रमांक सेटमध्ये भरलेला नसेल तर लाल बटण दाबून काही होत नाही, हे आधी तपासा. दुसरं, सेटला जीपीएस जोडलेलं आहे का. नसेल तर जागा हातानं भरावी लागते, आणि बोट बुडत असताना आकडे भरायला कुणाला सुचणार?

झाकण उघडून बटण काही सेकंद दाबून धरलं की सेट व्हीएचएफच्या चॅनेल ७० वरून एक छोटा डिजिटल संदेश सोडतो. त्यात क्रमांक, जागा, वेळ आणि संकटाचा प्रकार. वेळ असेल तर आधी यादीतून आग, पाणी शिरणं, टक्कर, माणूस पाण्यात पडणं असा प्रकार निवडता येतो, नसेल तर नुसतं बटण पुरे. संदेश जायला सेकंदही लागत नाही. टप्प्यातल्या प्रत्येक डीएससी सेटवर गजर होतो, मग तांडेल जागा असो की झोपलेला, फक्त सेट चालू हवा. किनाऱ्याहून पोच मिळेपर्यंत सेट स्वतःच दर चारेक मिनिटांनी तोच संदेश पुन्हा पाठवतो. तुम्ही मात्र बटण दाबून गप्प बसायचं नाही. चॅनेल १६ वर यायचं, मेडे तीनदा म्हणायचं, बोटीचं नाव, जागा, काय झालंय, किती माणसं आहेत ते तोंडानं सांगायचं.

आणि गजर तुमच्या सेटवर वाजला तर? तो बंद करा, पडद्यावरची जागा लिहून घ्या आणि चॅनेल १६ ऐका. डिजिटल पोच द्यायचं काम किनाऱ्याच्या ठाण्याचं आहे. घाईत आपल्याकडून पोच गेली तर संकटातल्या सेटचं पुन्हा पुन्हा हाक देणं थांबू शकतं. किनाऱ्याहून कुणी बोलत नसेल आणि तुम्ही जवळ असाल, तर १६ वर बोलून उत्तर द्या आणि तटरक्षक दलाला कळवा. मोबाइलला रेंज असेल तर त्यांचा नंबर १५५४. चॅनेल ७० वर कधीच बोलायचं नसतं, ते फक्त यंत्रांसाठी राखलेलं आहे.

चुकून बटण दाबलं गेलं तर सेट बंद करून पसार होऊ नका. तुमच्या बोटीचा क्रमांक गेलेलाच असतो. सेट बंद करून पुन्हा चालू करा, १६ वर या, नाव आणि क्रमांक सांगून हाक चुकीची होती असं जाहीर करा. नाहीतर शोधाला निघालेली बोट दुसरीकडे खरोखर बुडणाऱ्यापासून लांब जाते.

याच सेटवरून साधी हाकही देता येते. दुसऱ्या बोटीचा क्रमांक आणि बोलायचा चॅनेल भरला की फक्त तिचाच सेट वाजतो, त्यांनी स्वीकारलं की दोघे त्या चॅनेलवर. एकाच मालकाच्या चार ट्रॉलरना मिळून गट क्रमांकही ठेवता येतो. मार्कोनीचं ७७७७ पेटंट आठवा, नेमक्या कानाला नेमकी हाक. व्हीएचएफचा पल्ला साधारण नजरेच्या टप्प्याइतका, किनाऱ्याच्या उंच अँटेनापर्यंत वीस-तीस सागरी मैल. त्यापुढे मध्यम लहरींवर २१८७.५ किलोहर्ट्झ किंवा उपग्रह. इस्रोचं डॅट हे मच्छीमारांसाठीचं यंत्र उपग्रहाकडेच हाक देतं आणि त्याच्या नव्या आवृत्तीत पोच परत बोटीवर दिसते.

परत मार्कोनीकडे. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये त्यानं एक मोठी यॉट घेतली, एलेत्रा. ती त्याची प्रयोगशाळा. लघुलहरी एका दिशेला झोतासारख्या सोडल्या तर कमी विजेत फार लांब जातात हे त्यानं आणि त्याचा सहकारी फ्रँकलिन यानं दाखवलं. १९२४ मध्ये ब्रिटिश सरकारशी करार, मग कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि १९२७ मध्ये खडकी-दौंड. केबल कंपन्यांचा धंदा असा बसला की दोन वर्षांत सगळ्यांना विलीन व्हावं लागलं. आपल्याकडचा तो धंदा १९४७ मध्ये सरकारी झाला आणि त्याचंच पुढे १९८६ मध्ये व्हीएसएनएल झालं. परदेशी फोनसाठी ज्यांनी एसटीडी बूथमध्ये ताटकळत काढलंय त्यांना हे नाव सांगायला नको.

१९३० मध्ये जेनोव्हाच्या बंदरात एलेत्रावर बसून त्यानं कळ दाबली आणि सिडनीच्या टाऊन हॉलचे दिवे लागले. १९३४ मध्ये खिडक्या झाकून, फक्त लहरींच्या खुणेवर त्यानं यॉट दोन बोयांमधून नेऊन दाखवली. पण याच काळाची दुसरी बाजू लपवण्यात अर्थ नाही. १९२३ मध्येच तो फॅसिस्ट पक्षाचा सभासद झाला होता. मुसोलिनीनं त्याला इटलीच्या अकादमीचा अध्यक्ष केलं आणि त्याच्या कारकिर्दीत तिथे एकाही ज्यू विद्वानाला प्रवेश मिळाला नाही. नावांपुढे केलेल्या खुणांची कागदपत्रं पुढे सापडली. ज्याच्या यंत्रानं समुद्रावर कुणाचीही हाक ऐकायची सोय केली, त्याच्या हातून हे झालं.

पहिली बायको बिआट्रिस ओब्रायन, १९०५ चं लग्न, १९२४ मध्ये घटस्फोट. १९२७ मध्ये मारिया क्रिस्तीना बेत्सी-स्काली हिच्याशी दुसरं लग्न. त्यांची मुलगी २० जुलै १९३० ला झाली. यॉटचंच नाव तिला ठेवलं, एलेत्रा. २० जुलै १९३७ ला, तिच्या सातव्या वाढदिवशी, रोममध्ये हृदयविकारानं मार्कोनी गेला, वय ६३. दुसऱ्या दिवशी बीबीसीसह अनेक ठिकाणची प्रक्षेपणं दोन मिनिटं थांबवण्यात आली.

एलेत्रा यॉट महायुद्धात जर्मनांनी ताब्यात घेतली. १९४४ च्या जानेवारीत एड्रियाटिक किनाऱ्याला तिच्यावर बॉम्ब पडले. नंतर ती कापली गेली आणि तिचे तुकडे आज इटलीत वेगवेगळ्या ठिकाणी ठेवले आहेत. त्यातला एक पोंतेक्किओला, त्याच व्हिला ग्रिफोनेच्या आवारात, मार्कोनीच्या समाधीजवळ आहे.